एसटीत लागला, एसटीतून लागला

छत्रपती संभाजीनगरात ‘एसटी’ म्हणजे काय, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते. मध्यवर्ती बसस्थानकावर ती लाल गाडी, प्रवेशाच्या खिडकीवर अनुसूचित जमात, तर घाटी रुग्णालयात हृदयाच्या आलेखाचा तुकडा.

गाडी सर्वांत जुनी ओळखीची. ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद संस्थानात १९३२ पासूनच रेल्वे खात्याच्या सरकारी बस धावत होत्या. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. महामंडळाच्या कागदांवर ‘रा. प.’ असते. प्रवाशांनी ते कधी मनावर घेतले नाही. चिकलठाण्याची कार्यशाळाही लोकांच्या तोंडी एसटीचीच.

डॉक्टरांची एसटी मात्र मुळात लघुरूपच नाही. डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांनी ईसीजीतल्या लहरींना पी, क्यू, आर, एस, टी अशी ओळीने अक्षरे दिली. १९२४ चे नोबेल त्यांना मिळाले. ‘एस’ संपून ‘टी’ सुरू होईपर्यंतचा भाग तो एसटी. एरवी सपाट असणारा हा भाग वर उचलला गेला, तर हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्याची शंका घेतात आणि मग धावपळ सुरू होते.

खरी गंमत बोलण्यात आहे. ‘पोरगा एसटीत लागला’ म्हणजे महामंडळात नोकरी मिळाली. ‘एसटीतून लागला’ म्हणजे राखीव जागेवर नंबर लागला. ‘एसटी लागली’ म्हणजे गाडी फलाटावर आली, पण ‘मला एसटी लागते’ म्हणणाऱ्याला खिडकीजवळची जागा द्यावी. एवढा गुंता एका प्रत्ययाने सुटतो, हे मराठीचे कौतुकच.

अनुसूचित जमातींची यादी संविधानाच्या अनुच्छेद ३४२ खाली ठरते. राज्यात त्यांना ७ टक्के आरक्षण आहे, अनुसूचित जातींना १३ टक्के. मराठी लघुरूपे अनुक्रमे ‘अ. ज.’ आणि ‘अ. जा.’. फरक एका कान्याचा! म्हणूनच मराठी कारकूनही ‘एससी की एसटी?’ असे इंग्रजीत विचारून घेतो. अर्ज मराठीत भरणार असाल, तर तो काना तेवढा दोनदा तपासा.