बुद्धिबळ शिकावे ते शेवटाकडून

डिसेंबर २०२४मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, आणि जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. मुलांना बुद्धिबळ शिकवावे असे त्यानंतर अनेक पालकांना नव्याने वाटू लागले असेल, तर ते स्वाभाविकच आहे. मात्र शिकवण्याची आपली पद्धत बहुधा एकच असते. पटावर बत्तीसही सोंगट्या मांडायच्या, हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरे असे एका बैठकीत सांगून टाकायचे आणि लगेच एखाद्या प्रसिद्ध ओपनिंगच्या चाली पाठ करून घ्यायच्या. हा क्रम उलटा करायला हवा. बुद्धिबळाचे नियम आणि डावपेच दोन्ही खऱ्या अर्थाने समजतात ते पट जवळजवळ रिकामा असताना.

हे म्हणणे नवे नाही. क्यूबाचा कापाब्लांका १९२१मध्ये जगज्जेता झाला. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या पुस्तकाची सुरुवात एकट्या राजावर हत्तीने मात कशी करावी, अशा साध्या धड्यांनी होते. त्यामागचे कारण आकड्यांतही दिसते. पहिल्या चालीला पांढऱ्यापुढे २० पर्याय असतात, काळ्यापुढेही २०. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत डाव १,९७,२८१ वेगवेगळ्या मार्गांनी गेलेला असू शकतो. नवशिक्या यातली एखादी वाट पाठ करतो आणि प्रतिस्पर्ध्याने तिसऱ्याच चालीला वेगळे काही केले की पाठांतर तिथेच संपते. याउलट दोन्ही राजे धरून पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या, तर त्या स्थितीचा अचूक निकाल संगणकांनी शोधून ठेवला आहे. तीन सोंगट्यांची स्थिती तर दहा वर्षांचे मूलही तळापर्यंत समजून घेऊ शकते.

अशी एक स्थिती पटावर मांडून पाहा. पांढरा राजा डी६वर, पांढरे प्यादे ई६वर, काळा राजा ई८वर. बाकी पट मोकळा. चाल पांढऱ्याची असेल तर प्यादे ई७वर जाते. या चालीने शह बसत नाही. पण आता काळ्याला खेळणे भाग आहे, आणि त्याच्या राजाला एफ७ हे एकच घर उरले आहे. तो तिथे गेला की पांढरा राजा डी७वर येतो, प्यादे पुढच्या चालीला वजीर होते आणि डाव हातात येतो. आता तीच स्थिती, फक्त चाल काळ्याची. त्याचा राजा डी८वर जातो. प्यादे ई७वर येऊन शह देते, काळा राजा ई८वर परततो, आणि आता प्यादे वाचवायचे तर पांढऱ्या राजाला ई६वर यावेच लागते. तो आला की काळ्याला शह नाही आणि हलायला घरही नाही. हीच कोंडी, म्हणजे स्टेलमेट, आणि डाव बरोबरीत. सोंगट्या त्याच, घरे तीच. चाल कोणाची एवढ्याने निकाल फिरला. शह, प्याद्याची बढती, कोंडी, आणि चाल करावीच लागण्याची सक्ती, हे सगळे तीन सोंगट्यांत आले. बत्तीस सोंगट्यांच्या गर्दीत यातले काहीच दिसत नाही.

सोंगट्यांची किंमतही अशीच उमगते. हत्तीला ५, उंट आणि घोड्याला ३-३, प्याद्याला १ हे गुण पाठ करता येतात, पण ते का, हे मोकळा पट सांगतो. कोपऱ्यातल्या घोड्याला दोनच घरे, मध्यावर आठ. उंटाला कोपऱ्यातून सात, मध्यावरून तेरा. हत्तीला मोकळ्या पटावर कुठेही ठेवा, चौदाच. मग डावाच्या सुरुवातीला घोडे मध्याकडे का काढायचे आणि हत्तीसाठी मोकळी उभी पट्टी का शोधायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. राजाच्या साथीने एकटा हत्ती मात करू शकतो. एकटा घोडा किंवा उंट नाही. म्हणूनच जास्तीचा उंट असलेलाही उरलेले शेवटचे प्यादे जिवापाड जपतो.

यावर पहिला आक्षेप असा, की नवशिक्यांचे डाव एवढे लांबतच नाहीत; वजीर फुकट जातो, नाहीतर चौथ्या चालीला एफ७वर मात होते. हे खरे आहे. पण ती मात म्हणजे राजाला चिकटून बसलेला वजीर आणि त्याला दुरून उंटाचा जोर. हे चित्र ज्याने रिकाम्या पटावर दहादा मांडले आहे, त्याला ते भरल्या पटावरही ओळखू येते. घोड्याने एकाच वेळी राजा आणि वजिरावर हल्ला करण्यासारख्या युक्त्यांचा वेगळा सराव लागतोच. त्याला या क्रमाचा अडथळा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचे ग्रँडमास्टर संगणकावर ओपनिंगची तयारी करण्यात महिनोन्‌महिने घालवतात, मग मुलांनी का नाही? कारण त्या तयारीतून मिळणाऱ्या किंचित सरस स्थितीचे पुढे काय करायचे, हे ग्रँडमास्टरांना आधीच येते. सिंगापूरच्या जगज्जेतेपद लढतीचा चौदावा डाव पाहा. गुण ६.५-६.५, गुकेशकडे एक प्यादे जास्त, पण डाव बरोबरीकडे झुकलेला. पंचावन्नाव्या चालीला त्याचा प्रतिस्पर्धी डिंग लिरेनने हत्ती एफ२वर आणला. गुकेशने हत्तींची मारामारी केली आणि आपला उंट डी५वर नेऊन समोरच्या उंटापुढे ठेवला. डिंगचा उंट दूरच्या कोपऱ्यात होता, त्याला अदलाबदल टाळता येईना. उरले राजे आणि प्यादी. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. ही अदलाबदल करावी की टाळावी, याचे उत्तर नुसत्या प्याद्यांच्या लढाईत काय होईल हे माहीत असणाऱ्यालाच देता येते.

मुलांना हे रुक्ष वाटेल, असेही म्हटले जाते. ‘शेवटाचा खेळ’ म्हणून ग्रंथातले सिद्धांत वाचून दाखवले तर वाटेलच. त्याऐवजी दोघांना एकेक राजा आणि आठ-आठ प्यादी द्या. ज्याचे प्यादे आधी वजीर होईल तो जिंकला. इथे शर्यत आहे, अडवाअडवी आहे, राजाला बाहेर काढण्याचे धाडस आहे. नियमांचे कारणही इथेच सापडते. प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरे जाता येते, म्हणून ते शत्रूच्या प्याद्याच्या माऱ्यातले घर ओलांडून सटकू पाहते. ते एकच घर गेले असते तर मारता आले असते; म्हणून लगेचच्या चालीला ते तसेच मारण्याची मुभा आहे, तिलाच आँ पासाँ म्हणतात. भरल्या पटावर हा नियम लहरी वाटतो. प्याद्यांच्या शर्यतीत मात्र हरणारे मूल स्वतःच विचारते, की हे असे निसटून कसे चालेल?