मोजून मारलेला फटका : ‘टॉम अँड जेरी’ची कारागिरी

टॉम हा बोका आणि जेरी हा उंदीर यांची ‘टॉम अँड जेरी’ ही व्यंगपटमालिका स्लॅपस्टिक या प्रकारात, म्हणजे आदळआपट, पडझड आणि फजिती यांच्या जोरावर बहुधा शब्दांवाचून हसवणाऱ्या विनोदात मोडते. हा प्रकार वरकरणी धसमुसळा दिसत असल्यामुळे त्यामागच्या काटेकोर हिशेबाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम या हॉलिवूडमधील चित्रसंस्थेसाठी केलेला या मालिकेतला पहिला पट, ‘पस गेट्स द बूट’, १० फेब्रुवारी १९४० रोजी प्रदर्शित झाला. त्यात बोक्याचे नाव अजून जॅस्पर होते आणि आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर काढू, अशी तंबी त्याला मिळालेली असल्याने उंदीर काचेचे सामान खाली टाकण्याची धमकी देऊन त्यालाच वेठीस धरतो. दुबळ्याच्या हाती आलेले हे हत्यार पुढच्या साऱ्या मालिकेचा पाया ठरले. १९५८ पर्यंत या जोडीचे ११४ पट प्रदर्शित झाले आणि त्यांपैकी सात पटांना ऑस्कर मिळाले.

त्या काळी पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकत असत, म्हणजे सात मिनिटांच्या पटाला सुमारे दहा हजार चौकटी लागत; एकच चित्र पुष्कळदा दोन चौकटींपुरते वापरले जात असले, तरी हातांनी काढायच्या चित्रांची संख्या प्रचंडच राही. पेन्सिलीने काढलेले चित्र सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर शाईने उतरवायचे, मागच्या बाजूने रंगवायचे आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून त्याचे छायाचित्र घ्यायचे, अशी ही रीत होती. कथा, विनोदाच्या जागा आणि रेखाटने हा बार्बेरा यांचा प्रांत, तर वेळेचे गणित हॅना यांचे. संगीताची जाण असलेले हॅना दृश्याची मात्रांमध्ये आखणी करीत. बारा चौकटींची एक मात्रा धरली तर सेकंदात दोन ठोके बसतात, आणि बोका कितव्या ठोक्याला दचकणार व कितव्याला आपटणार, हे चित्रकाराने पेन्सिल उचलण्याआधीच ठरलेले असे. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळीही हॅना यांच्याच गळ्यातली आहे.

संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांचे काम या आखणीइतकेच मोलाचे आहे, किंबहुना ते वगळले तर मालिकेचा निम्मा जीव जातो. १९४४ च्या ‘पटिन ऑन द डॉग’मध्ये त्यांनी सप्तकातील बाराही स्वरांना समान मान देणारी, संगीतकार शोनबर्ग यांची बारास्वरी पद्धत चक्क उंदरासाठी वापरली. ‘द कॅट कॉन्चेर्टो’ या पटात तर संगीत हेच कथानक झाले आहे. शेपटीचा कोट घातलेला टॉम संगीतकार लिस्ट यांची दुसरी ‘हंगेरियन ऱ्हाप्सडी’ वाजवू लागतो आणि पियानोच्या आत झोपलेला जेरी हातोड्यांच्या दणक्यांनी जागा होतो. पुढे झाकण बोटांवर आदळते, पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा येतो, टॉमला पायांनीही वाजवावे लागते. तरीही वादन तुटत नाही, कारण सभ्य श्रोत्यांसमोर थांबणे त्याला शक्य नाही. टॉमची बोटे ऐकू येणाऱ्या स्वरांच्या पट्ट्यांवरच पडतात, ही या पटाची खरी श्रीमंती. शेवटी घामाघूम टॉम कोसळतो आणि टाळ्या जेरी घेतो.

या पटांमधील कृष्णवर्णीय मोलकरणीचे चित्रण आणि स्फोटानंतर तोंड काळे करून साधलेले विनोद वर्णद्वेषी आहेत. कारागिरी कितीही थोर असली तरी हा दोष झाकता येत नाही.

एमजीएमने आपला व्यंगपट विभाग १९५७ मध्ये बंद केला. नंतर जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३, तर चक जोन्स यांनी ३४ पट केले, पण हॅना-बार्बेरांच्या पटांतला ठोका त्यांत पुन्हा सापडला नाही. विशेष हे की, १९५७ मध्येच मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागाने जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ पूर्ण केला. डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी तेथील चित्रकारांना शिकवले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्यातून घडले. मुंबईच्या या विभागाकडून बोधपट आणि प्रचारपट निघाले. निव्वळ हसवण्यासाठी एवढे श्रम खर्चायला सरकारी पैसा तयार नव्हता.

१९९५ मध्ये ‘टॉम अँड जेरी’ दाखवणारी कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली, तेव्हा तिच्यावरचे कार्यक्रम इंग्रजीत होते. पण मुंबईजवळच्या वसई-विरारचेच उदाहरण घ्या. तेथे सामवेदी म्हणजेच कादोडी, वाडवळी, आगरी, कोळी आणि वारली बोलणारी घरे आहेत, शिवाय लोकलच्या आधाराने वसलेल्या नव्या इमारतींत गुजराती आणि हिंदी भाषकही पुष्कळ आहेत. अशा भागात दुभाष्याची गरजच न पडणारी ही मालिका सर्वांना एकदम कळण्याजोगी होती. त्यातही ज्या ख्रिस्ती वस्त्यांत लग्नाचा ब्रास बँड आणि चर्चमधला गायनवृंद यांमुळे पाश्चात्त्य वाद्यमेळ घरचाच झालेला आहे, तेथे ब्रॅडली यांच्या वाद्यवृंदातला ट्रॉम्बोन घसरला की काय घसरले, हे पडद्याकडे पाठ असतानाही ओळखता येते.