केस सरळ करण्याआधी

मंडळी, वैशाखात महाड-पोलादपूरकडे लग्नसराई सुरू झाली, की मुंबईची माणसं गावी येतात, आणि त्यांच्याबरोबर पार्लरमधली नवी नावंही येतात. रिबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन! कुरळ्या केसांची लेक विचारते, "आई, यातलं कुठलं करू?" आई म्हणते, "कुठलंच नको." त्यांचं भांडण जुंपण्याआधी हा प्रकार आहे तरी काय, ते पाहू.

केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा दोर. त्याच्या पेडांना दोन तऱ्हेचे टाके असतात. एक कच्चा, तो नुसत्या पाण्यानं सुटतो. म्हणूनच इस्त्री फिरवून सरळ केलेले केस सावित्रीकाठच्या आषाढात अंगणात येईतो पुन्हा वळतात. दुसरा टाका पक्का, गंधकाचा. केस जळाला की येणारा उग्र वास बराचसा ह्या गंधकाचाच. गुरुजींनी वर्गात हा दाखला जरूर द्यावा.

आता औषधांकडे वळू. सर्वांत जहाल कॉस्टिक सोड्याचं. बिरवाडीकडच्या कारखान्यांत हातमोज्यांवाचून ज्याला शिवू नये, तोच हा पदार्थ. अतिशय दाट कुरळ्या केसांसाठी तो आफ्रिकेत आणि अमेरिकेत वापरतात. "सोडाविरहित" म्हणून मिळणाऱ्या प्रकारात बहुधा भिजवलेला चुना आणि ग्वानिडीन असतं. ते टाळूला थोडं सौम्य, पण केसांवर चुन्याचा थर बसून ते कोरडे पडतात. आपल्याकडच्या रिबाँडिंग-स्मूदनिंगमध्ये बहुतेक थायोग्लायकोलेट असतं. ते गंधकाचा टाका उसवतं, मग केस इस्त्रीनं ताणतात आणि दुसऱ्या औषधानं टाका पुन्हा घालतात. थायो आणि सोडा एकाच केसावर कधीही घेऊ नये, केस तुटून हातात येतात. धातूचे क्षार असलेला कलप लावला असेल, तरीही धोका आहे.

केराटिनचं गणित निराळं. त्यातल्या काही औषधांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, डोळे-घसा चुरचुरतो. ते टाळण्यासाठी काहींत ग्लायऑक्झिलिक आम्ल घालतात. पण 2024 साली वैद्यकाच्या एका नामांकित अमेरिकन नियतकालिकात 26 वर्षांच्या तरुणीची हकीकत छापून आली. असा उपचार घेतल्यावर 2020, 2021 आणि 2022 अशी तीन वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. तेव्हा "सौम्य" ह्या शब्दावर भुलू नका. "आत औषध कोणतं?" असं विचारा, डबी वाचा. उत्तर मिळालं नाही तर उठून या. टाळूवर जखम असेल किंवा दिवस गेले असतील, तर थांबावं हे बरं.

आणि एक. उपचार केलेला भाग सरळ राहतो, पण मुळाशी उगवणारा केस पुन्हा कुरळाच! दर वेळी फक्त तेवढ्यालाच औषध लावायचं, जुन्या भागावर पुन्हा नको. माझं विचाराल, तर आमच्या ह्या दमट हवेत कुरळे केस आहेत तसेच बरे.

मात्र सरळ असोत वा कुरळे, ओलावा हवाच. ओलावा म्हणजे पाणी. तेल ओलावा देत नाही, आहे तो राखतं. न्हाण्याआधी खोबरेल लावण्याची आजीची रीत मात्र खरी ठरली. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनाची झीज कमी होते. सूर्यफुलाच्या तेलाला ते साधलं नाही. कंपनी तेलच विकते, हे ध्यानात ठेवूनही प्रयोग पटण्याजोगा आहे. रात्री थोडं खोबरेल चोळा, सकाळी सौम्य साबणानं धुवा आणि ओल्या केसांत रुंद दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे चालवा, कारण ओला केस कोरड्यापेक्षा लवकर ताणून तुटतो.