मध्यरात्रीचे क्लिअरिंग हाऊस

इतवारीतील व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोन शहरांमधील अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, दिवसांमध्ये मोजले जात असे. कलकत्त्याहून माल मालगाडीने येई आणि त्याची बिल्टी बँकेमार्फत टपालाने. माल आधी पोहोचला आणि बिल्टी मागे राहिली, तर मालधक्क्यावरील आकार दररोज वाढत जाई. हुंडीची रक्कम अडकून पडे, ती वेगळीच. मुंबई ते नागपूर रेल्वेने 837 किलोमीटर, तर नागपूर ते हावडा 1131. एवढ्या अंतरात टपालाचे दोन दिवस सहज जात.

या प्रश्नाचे उत्तर जानेवारी 1949 मध्ये नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मिळाले. रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाच्या थैल्या घेऊन विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजनाही अमलात आली.

नागपूरच का, याचे उत्तर अंकगणितात आहे. हवाई अंतराने नागपूरपासून मुंबई सुमारे 685, दिल्ली 850, मद्रास 905 आणि कलकत्ता 985 किलोमीटर. मुंबई-कलकत्ता हे थेट अंतर सुमारे 1670 किलोमीटर भरते. नागपूरमार्गेही जवळजवळ तितकेच. दिल्ली-मद्रास मार्गाचीही तीच गोष्ट. मुंबई-मद्रास टपालाला मात्र मोठा वळसा पडे. तरीही हिशेब फायद्याचाच होता. चार शहरे परस्परांशी थेट जोडायची, तर सहा मार्ग आणि जाऊन-येऊन बारा उड्डाणे हवीत. मध्ये नागपूर आले की चार विमानांत काम भागे. बँकांचे क्लिअरिंग हाऊस याच तत्त्वावर चालत असे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या दारी न जाता सर्वांनी एका ठिकाणी यावे, धनादेशांची देवघेव करावी आणि परतावे.

वेळेचे गणितही काटेकोर होते. डाकोटा विमानाचा वेग ताशी सुमारे 270 किलोमीटर. म्हणजे मुंबईहून अडीच तास आणि कलकत्त्याहून साडेतीन तासांहून अधिक. दोघांनी एकाच वेळी पोहोचायचे, तर कलकत्त्याच्या विमानाने तासभर आधी निघणे क्रमप्राप्त. एकास उशीर झाला की चारही शहरांची पत्रे खोळंबत. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते, हा व्यवहारातील धडा येथेही लागू पडे.

आज जेट विमान नागपूर-मुंबई अंतर तासाभरात कापू शकते. वेळापत्रकात मात्र दीड तास दिसतो, कारण धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि मुंबईच्या आकाशातील प्रतीक्षा त्यात धरलेली असते. घरापासून पेढीपर्यंतचा हिशेब मांडला, तर अर्धा दिवस सरतो. रक्कम मात्र कोणत्याही विमानाची वाट पाहत नाही. डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. बिल्टी आणि हुंडीच्या काळजीत रात्र काढणाऱ्या पिढीने ज्या वेळेची किंमत व्याजाने मोजली, ती वेळ आता हाती आहे. ती कोठे गुंतवायची, एवढाच हिशेब उरला आहे.