मांजरीला पेढा चालतो का?

आजचा प्रश्न लहान वाटेल, पण मराठी घरांत तो रोज येतो. आपण पेढा तोंडात टाकतो, मांजर मांडीवर पंजा ठेवून बघत असते. द्यावा का तिला तुकडा?

आज थोडं लांबच्या गावापासून सुरुवात करू. झाशी जिल्ह्यात गरौठा तहसिलीत गुरसराय आहे. पेशव्यांचे बुंदेलखंडातले मामलेदार गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले, 1760 च्या डिसेंबरात पानिपतच्या मोहिमेत मारले गेले. गुरसरायची जहागीर पुढे त्यांच्या वंशजांकडे होती. या मुलखात मांजरीला ‘बिलैया’ म्हणतात. आणि इथली भदावरी म्हैस! तिच्या दुधात स्निग्धांश सरासरी 8 टक्के, कधी 12 च्याही वर जातो. झाशीच्या चारा संशोधन संस्थेत या जातीच्या जतनाचं काम चालतं. आता विचार करा, असं दूध जिथे आटतं तिथे बिलैया कढईपासून दूर कशी राहील?

पण तिला त्यात आवडतं काय? गोडवा नव्हे. मांजरीला गोड चव कळतच नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं, की गोड चव ओळखणाऱ्या संवेदकाचं एक जनुक मांजरांमध्ये निकामी झालेलं असतं. पेढ्याची साखर तिच्या लेखी मातीच. तिला ओढतो तो स्निग्धांश आणि दुधाचा वास. म्हणून साखर घातलेलं काही देऊन तिचे लाड होत नाहीत, लाड आपले होतात.

आता पोटाकडे वळू. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लॅक्टेज हे विकर लागतं. आईचं दूध पिणाऱ्या पिल्लात ते भरपूर असतं, दूध सुटलं की कमी होत जातं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, आतड्यात पाणी ओढलं जातं, आणि पुढे गॅस, जुलाब. सगळ्याच मांजरांना होतं असं नाही. काहींना वाटीभरही सोसतं, काहींना दोन चमचेही नाहीत. तुमचं मांजर कोणत्या गटातलं, हे एक चमचा देऊन दिवसभर शी बघितल्यावरच कळेल. पर्याय नाही!

पदार्थांनुसार मात्र फरक पडतो. गाईच्या आणि म्हशीच्या दुधात लॅक्टोज साधारण 5 टक्के. खवा म्हणजे आटवलेलं दूध, त्यात ते 20 टक्क्यांच्या घरात जातं. म्हणून पेढा, बर्फी, बासुंदी नकोच. चॉकलेट आणि बेदाणे असतील तर अजिबात नको. दह्यात थोडं लॅक्टोज जिवाणूंनी आधीच संपवलेलं असतं, त्यामुळे बिनसाखरेचं चमचाभर दही बहुतेकींना चालतं. घरच्या पनीरमधलं बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जातं. बोटाच्या पेराएवढा बिनमिठाचा तुकडा हा माझ्या मते सगळ्यात बरा खाऊ. बाजारचं चीज खारट असतं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला देऊ नका. फोडणीचं ताक नको. तुपात लॅक्टोज जवळपास नसतं, पण स्निग्धांश पुरता असतो, थेंबापलीकडे जाऊ नका.

किती द्यायचं? चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शात बसावा, म्हणजे 20-25 कॅलरी. शंभर मिलिलिटर म्हशीच्या दुधातच शंभरहून जास्त कॅलरी असतात. मध्यम पेढ्यात 80 च्या आसपास. आपल्या हिशेबाने ते जेवणानंतरचं गोड नव्हे, पंगतच झाली.

इथवर सगळं खाऊबद्दल. माझी खरी काळजी वेगळी आहे. शाकाहारी घरात मांजर दूध-पोळीवर, दूध-भातावर वाढतं. तेच त्याचं जेवण. मांजर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावं लागतं, शरीर पुरेसं बनवत नाही. दुधात ते अत्यल्प. 1975 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मांजरांना केसिन, म्हणजे दुधातलंच प्रथिन, मुख्य धरून खाऊ घातलं होतं. त्यांचा डोळ्यांचा पडदा झिजत गेला, आणि त्याचं कारण टॉरिनची कमतरता निघालं. 1987 मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की टॉरिन कमी पडलं तर हृदयाचे स्नायूही सैल पडतात. वेळेत टॉरिन दिलं तर हृदय सावरू शकतं. झिजलेला पडदा मात्र परत येत नाही. आणि हे सगळं हळूहळू होतं. मांजर खातंय, खेळतंय, कुणाला शंकाही येत नाही.

तेव्हा घरात मासे-मटण चालत नसेल, तर मांजरांसाठी मिळणारं टॉरिनयुक्त पूर्ण आहाराचं पाकीट आणा. कोंबडी-मासे शिजवत असाल तर उकळलेलं पाणीही त्यातच घाला. टॉरिन पाण्यात उतरतं.

अनाथ पिल्लं सापडली तर गाईचं दूध पाजायची घाई करू नका. त्यात प्रथिनं कमी पडतात, जुलाब लागले तर एवढासा जीव काही तासांत सुकतो. पशुवैद्याकडे मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मागा, आणि पिल्लाला ऊब द्या.

दूध द्यायचंच असेल तर उकळलेलंच. 2024 मध्ये टेक्सासमधल्या एका गोठ्यात बर्ड फ्लू झालेल्या गाईंचं कच्चं दूध प्यायलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मेली. झाशीकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, विदर्भातही तेच; वाटीतलं उरलेलं दूध लगेच उचला. शेजारी पाण्याची वाटी हवीच, दूध म्हणजे पाणी नव्हे.

एक शेवटचं. टेट्रासायक्लिन गटातलं औषध चालू असेल तर गोळी पेढ्यात किंवा चीजमध्ये लपवू नका, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. जुलाब दिवसापेक्षा जास्त टिकले, किंवा मांजराने खाणंच सोडलं, तर घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्य गाठा. पिल्लू असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका.