कोयासान: मठातला मुक्काम

ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून सुटलेली गाडी हाशिमोतो सोडले की डोंगराला लागते. मग वळणे, बोगदे आणि दोन्ही बाजूंना देवदारासारखी उंच, सरळसोट ‘सुगी’ या जपानी वृक्षाची झाडे. गोकुराकुबाशी हे शेवटचे स्थानक. पुढे पाच मिनिटे केबलकार आणि त्यानंतर बस. वरच्या स्थानकापासूनचा बसचा रस्ता पादचाऱ्यांना बंद आहे, त्यामुळे ‘पाय मोकळे करत जाऊ’ हा आपला नेहमीचा बेत इथे चालत नाही.

वाकायामा प्रांतातले कोयासान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. आठ शिखरांच्या वेढ्यात मधोमध सपाट जागा, म्हणून त्या शिखरांना कमळाच्या पाकळ्या म्हणायची रीत आहे. 816 साली सम्राट सागा याने ही जागा कूकाई या भिक्खूला दिली. कूकाई चीनमधल्या चांगआनला जाऊन वज्रयानाच्या वळणाची दीक्षा घेऊन आला होता. प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्खूकडे तो तिथे संस्कृतही शिकला. जपानमध्ये त्याने रुजवलेला पंथ म्हणजे शिंगोन, आणि कोयासान हे त्या पंथाचे माहेरघर. आज इथे 117 मंदिरे आहेत. त्यांतली पन्नासेक मंदिरे प्रवाशाला रात्री ठेवून घेतात. या सोयीला म्हणतात शुकुबो.

ही प्रथा पर्यटन खात्याने काढलेली नाही. मध्ययुगात ‘कोया हिजिरी’ म्हणून ओळखले जाणारे फिरते साधू देशभर हिंडून डोंगराची महती सांगत आणि देणग्या गोळा करत. पुढे एकेका सरदार घराण्याचे एकेका मठाशी नाते जुळले. त्या सरदाराच्या मुलुखातला माणूस यात्रेला आला की त्याने त्याच मठात उतरायचे. त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपुरात पिढीजात क्षेत्रोपाध्यायाकडे उतरणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागली नसती. ‘आता सगळा धंदा झाला’ अशी कुरकुर शुकुबोबद्दल हल्ली ऐकू येते. ती मला फारशी पटत नाही. यात्रेकरूला छप्पर आणि दोन वेळचे जेवण द्यायचे, त्याच्या दक्षिणेवर मठ चालवायचा, हा हिशोब तेव्हाही होता. फरक एवढाच की दक्षिणेचा आकडा आता आधी सांगतात.

आकडा लहान नाही. दोन जेवणे धरून माणशी साधारण 10 ते 20 हजार येन, नामांकित ठिकाणी त्याहूनही बरेच जास्त. त्या पैशात हॉटेलची सेवा मिळेल असे समजून येणाऱ्याची मात्र पंचाईत होते. संध्याकाळी पाचच्या आत पोचावे लागते, कारण साडेपाच-सहाला जेवण मांडले जाते आणि ते कोणासाठी थांबत नाही. बूट दाराशी काढायचे. ओसरीवरच्या सपाता खोलीतल्या तातामी चटयांवर चालत नाहीत, संडासाच्या सपाता आणखी वेगळ्या. पहिल्या तासात माणूस निम्मा वेळ पायांकडेच बघत असतो. खोलीत तातामी, एक ठेंगणे टेबल, चहा आणि एखादी गोड वडी. शेजारची खोली आणि तुमची खोली यांच्यामध्ये बऱ्याचदा फक्त कागदी किंवा चित्रे काढलेला सरकता पडदा. शेजारी घोरत असेल तर त्यालाही मठवासाचा भाग मानावे. न्हाणीघर सामाईक, बायकांचे आणि पुरुषांचे वेगळे. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचे. तुम्ही जेवता तोवर कोणीतरी येऊन गाद्या घालून जाते. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली उतरतो. खोलीत शेगडी असते, पण ओसरीवरून न्हाणीपर्यंतचे अंतर कोणी विसरत नाही.

जेवणाला शोजिन र्‍योरी म्हणतात. त्यात मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. जपानमध्ये फिरणाऱ्या शाकाहारी माणसाला हे किती मोलाचे आहे ते सांगायला नको, कारण तिथे निव्वळ भाजीच्या वाटीतसुद्धा सुक्या माशाचे पाणी असते. इथे ते काम कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुकी शिताके अळिंबी करते. लाखेच्या छोट्या ताटांत वाट्याच वाट्या येतात. पाच रंग, पाच चवी आणि शिजवण्याच्या पाच तऱ्हा पाळायच्या, असा या स्वयंपाकाचा दंडक आहे. गोमादोफूला टोफू म्हणत असले तरी त्यात सोयाबीन नसते. तीळ वाटून त्याचे दूध काढतात, त्यात कुझू वेलीच्या मुळाचे सत्त्व घालून मंद आचेवर सतत ढवळत राहतात आणि मग थंड करून चौकोनी तुकडा पाडतात. वर वासाबीचा एक ठिपका. तुकडा तोंडात विरघळतो आणि मागे तिळाची भाजकट चव राहते. कोयादोफू हा दुसरा मानकरी. थंडीत बाहेर राहिलेला टोफू गोठला आणि तो वाळवल्यावर टिकाऊ झाला, अशी त्याची कथा सांगतात. रश्श्यात शिजला की तो स्पंजासारखा रस धरतो. तिखटाचे मात्र नाव नाही. मराठी जिभेला दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीची आठवण होणार, हे धरूनच चालावे.

पहाटे सहा-साडेसहाला प्रार्थना असते. ती पाहुण्यांवर सक्तीची नसते, पण ती चुकवायची तर इथे राहायचे कशाला? अंधाऱ्या गाभाऱ्यात सोनेरी दिवे, धूप आणि खालच्या पट्टीतले एकसुरी पठण. काही मठांत त्यानंतर गोमा होतो. हा आपला होमच. चौकोनी कुंडात समिधा रचतात, तेल सोडतात, ढोल वाजू लागतो आणि ज्वाला छताकडे झेपावतात. भिक्खूच्या तोंडचे मंत्र चिनी-जपानी उच्चारांतून गाळून आलेले असले तरी मूळ संस्कृत आहेत. कान देऊन ऐकले तर अधूनमधून ओळखीचा ध्वनी सापडतो.

लिपीचेही तसेच. ओकुनोइन या दफनभूमीत दोन किलोमीटरची वाट जुनाट सुगीच्या झाडांमधून जाते आणि दुतर्फा दोन लाखांहून अधिक समाध्या आणि स्मृतिशिळा आहेत. त्यांतले शेकडो दगडी स्तंभ पाच आकारांचे: खाली चौकोन, मग गोल, त्रिकोण, अर्धचंद्र आणि शेंड्यावर मण्याचा आकार. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक आकारावर एक अक्षर कोरलेले असते; खालून वर वाचले की अ, व, र, ह, ख. ही सिद्धम् लिपी. ती आणि आपली नागरी, दोघींचे मूळ गुप्तकाळातल्या ब्राह्मीत. भारतातून ती केव्हाच गेली, इथे दगडावर आणि भिक्खूंच्या कुंचल्यात टिकून आहे.

याच वाटेवर ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हे हाडवैरी सरदार समोरासमोर विसावले आहेत. सरदार ओदा नोबुनागाचे स्मारक आहे आणि त्याचा घात करणाऱ्या आकेची मित्सुहिदेचेही आहे. नव्या भागात कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्मारके उभारली आहेत, त्यांत एक चक्क रॉकेटच्या आकाराचे. कीडनियंत्रण व्यावसायिकांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी बांधलेले स्मारक पाहून हसू येते, पण क्षणभरच. शेवटच्या पुलापलीकडे छायाचित्रे काढायला बंदी. तिथे कूकाई 835 पासून समाधीत बसला आहे, तो मेलेला नाही, अशी श्रद्धा आहे. म्हणून रोज सकाळी सहा आणि साडेदहाला भिक्खू लाकडी पेटीतून त्याचे जेवण नेतात. वाटेत जिझो या बोधिसत्त्वाच्या एका छोट्या देवळीसमोर थांबून त्याच्याकडून आधी चव पाहून घेतात. रात्री मठात मुक्काम असेल तरच सहाची ही फेरी दिसते.

या डोंगरावर बायकांना हजारभर वर्षे मज्जाव होता. त्यांनी वेशीवरच्या न्योनिन्दोत, म्हणजे बायकांसाठीच्या देवळात, थांबायचे, फार तर कड्याकड्याने डोंगराला वळसा घालायचा. सरकारने 1872 मध्ये बंदी उठवली, तरी प्रत्यक्षात ती जायला विसावे शतक उजाडले. सात न्योनिन्दोंपैकी एक उरले आहे, बस त्याच्यासमोरूनच जाते.

महाराष्ट्राची एक खूणही इथे आहे. 10 सप्टेंबर 2015 रोजी, कोयासानचे 1200वे वर्ष साजरे होत असताना, कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. नागपूरचे जपानी भदंत सुरेई ससाई मूळचे शिंगोन परंपरेतलेच. तरी पुतळ्यासमोर प्रश्न पडतोच. बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपुरात दिलेल्या धम्मात होमहवनाला जागा नव्हती, आणि या गावात दिवस उजाडतो तो होमाच्या ज्वाळांनी. विद्यापीठातले अभ्यासक या दोन टोकांबद्दल आपसात काय बोलतात, ते ऐकायला मला आवडेल.

एक रात्र पुरते, दोन असतील तर दुसरा दिवस पायथ्याच्या कूदोयामापासूनच्या चोइशिमिचीला द्यावा. ही जुनी यात्रावाट, साधारण दर 109 मीटरवर दगडी खांब, गारान या वरच्या मुख्य मंदिर-आवारापर्यंत असे 180. चढ दमछाक करणारा आहे. शरद ऋतूत पाने लाल होतात तेव्हा खोल्या कित्येक महिने आधी भरतात; फेब्रुवारीत सहज मिळतात, मात्र लोकरीचे मोजे न्यावेत. आणि रोख येन जवळ ठेवावेत, प्रत्येक मठ कार्ड घेईलच असे नाही.