काय खाता ते विचारले, केव्हा खाता ते राहिले

आमच्या भागात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की माझ्या काही मधुमेही रुग्णांची साखरही वर जाते. ही गोष्ट मला बरीच वर्षे दिसत होती. पण तिचा अर्थ मी चुकीचा लावत होतो. आज त्या चुकीबद्दलच लिहितो, कारण तिच्यातून वाचकांना काही उपयोगाचे मिळेल असे वाटते.

कारखान्यातले एक कामगार, वय ४८, मधुमेहासाठी सहा वर्षे माझ्याकडे येतात. पावसाळ्यात कारखाना बंद असताना त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे ज्याला आम्ही एचबीए१सी म्हणतो ती, साडेसात टक्क्यांच्या आसपास असते. जानेवारीत तपासली की नऊच्या पुढे! गोळ्या त्याच आणि माणूसही तोच. मी मनाशी ठरवून टाकले, की हे गृहस्थ कामावर रस पीत असणार, नाहीतर साखरेचे बकाणे भरत असणार. दोन हंगाम मी त्यांना तसे बोललोही. ते बिचारे खाली मान घालून ऐकून घेत.

तिसऱ्या हंगामात त्यांच्या पत्नी सोबत आल्या. माझे सुरू होताच त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्यांना उगाच बोलू नका. डबा मी भरते. घरात चहासुद्धा बिनसाखरेचा असतो. पण रात्रपाळीला हे दोन वाजता जेवायला बसतात, त्याला मी काय करू?"

मी गप्प झालो. सहा वर्षांत 'काय खाता' हे मी प्रत्येक वेळी विचारले होते. 'केव्हा खाता' हे एकदाही विचारले नव्हते.

पाळी रात्री आठ ते पहाटे चार. निघताना घाईत चहा-पोहे. रात्री दोनला पोटभर जेवण, म्हणजे तीन भाकऱ्या, भाजी आणि भात. पहाटे घरी येऊन पुन्हा चहा-बिस्किटे आणि मग झोप. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की सगळे वेळापत्रक उलटे. आता यात बिघडते काय, ते पाहू.

आपल्या परसात लाजाळूचे झाड असते. त्याची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते झाड अंधारात ठेवून पाहिले. ऊन दिसत नसतानाही पाने आपल्या वेळेवर उघडत-मिटत राहिली. म्हणजे घड्याळ बाहेर नाही, आतच आहे. माणसाचेही तसेच. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, हे फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपले मुख्य घड्याळ मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. तेच हे घड्याळ. बहुतेकांमध्ये ते चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालते, म्हणून त्याला रोज लावावे लागते, आणि ते लागते उजेडाने. सकाळचा उजेड त्याला पुढे करतो. रात्रीचा उजेड मागे ओढतो आणि झोपेची वेळ सांगणारे मेलॅटोनिन हे संप्रेरकही दाबून टाकतो. घरात ट्यूबलाइटखाली फार तर दोन-तीनशे लक्स उजेड असतो. सकाळी ऊन वर आल्यावर अंगणातल्या सावलीतसुद्धा तो कित्येक हजार लक्स असतो. खिडकीशी पेपर वाचणे आणि बाहेर फेरी मारणे यात हा एवढा फरक आहे.

पण घड्याळ एकच नाही. यकृत, स्वादुपिंड, स्नायू यांचीही आपापली घड्याळे असतात, आणि त्यांतली काही जेवणाच्या वेळेवरून वेळ ओळखतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात दहा निरोगी पुरुषांना रोजची जेवणे पाच तास उशिरा देऊन पाहिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेंदूचे घड्याळ जागचे हलले नाही, पण रक्तातील साखरेचा दिवसभराचा ताल साडेपाच तासांहून अधिक मागे सरकला. एकाच घरातली दोन घड्याळे दोन वेळा दाखवू लागली!

त्यात रात्री स्वादुपिंडाचे कामही मंदावते. मेलॅटोनिन वाढलेले असताना इन्सुलिन कमी पाझरते. म्हणून सकाळी खाल्लेली भाकरी आणि रात्री दोनला खाल्लेली भाकरी सारखीच असली, तरी रात्रीची साखर जास्त चढते आणि उतरायला वेळ घेते. चूल विझवून, भांडी घासून पालथी घातल्यावर दारात पंगत येऊन उभी राहावी, तसे हे आहे.

मग रात्रपाळीवाल्याने करावे काय? नोकरी तर सोडता येत नाही. याचे एक उत्तर अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी २०२१ साली दिले. त्यांनी १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे जागवले. एका गटाला रात्रीही जेवण दिले, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. प्रयोग लहान होता आणि माणसे निरोगी होती, हे खरे. पण दिशा स्पष्ट आहे.

आमच्या रुग्णाला मी हेच सांगितले, आणि सर्वांनाच सांगतो:

१) मुख्य जेवण पाळीवर निघण्यापूर्वी, शक्यतो सात वाजेपर्यंत घ्या. रात्री भूक लागलीच तर ताक, मूठभर फुटाणे, काकडी एवढ्यावर भागवा.

२) पहाटे घरी आल्यावर मोबाईल बाजूला ठेवा. खिडकीला जाड चादर लावून अंधारात झोपा. उठल्यावर जेवा.

३) दिवसा काम करणाऱ्यांनी सकाळी अर्धा तास उघड्यावर चालावे. रात्री झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण आटोपावे आणि नंतर दिवे मंद ठेवावेत. जैन कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवायची चाल आहे. तिच्यामागे धर्म आहे, पण शरीरालाही ती मानवते.

४) सर्वांत महत्त्वाचे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका. काही औषधांवर जेवण चुकले तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. प्रसंगी माणूस बेशुद्ध पडतो. आधी डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा बदलून घ्या.

त्या गृहस्थांच्या गोळ्यांच्या वेळा मी जुळवून दिल्या. पुढच्या जानेवारीत साखर ८.१ आली. पूर्ण आटोक्यात नाही, कारण पाळी दर आठवड्याला बदलते आणि शरीराला तेवढ्यात जुळवून घेता येत नाही. पण नऊच्या पुढून ती खाली आली, तीही एकही गोळी न वाढवता. मी त्यांची माफी मागितली. ते हसून म्हणाले, "राहू द्या हो साहेब. घरात जिंकली तर ही!"

त्यांच्या पत्नीला मात्र मी एक प्रश्न विचारला, "वहिनी, तुम्ही केव्हा जेवता?" उत्तर आले, "सगळ्यांचे झाल्यावर, दहा-साडेदहा." आपल्याकडे घरोघरी हेच असते. दवाखाना बंद करून साडेदहाला ताटावर बसणारा मीही त्यातलाच होतो. आता दवाखान्यातच साडेसातला डबा उघडतो. थांबलेल्या रुग्णांनी तेवढी दहा मिनिटे मला द्यावीत.

मधुमेहासाठी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा रिपोर्टबरोबर एक कागद न्या. त्यावर आठवडाभराच्या जेवणाच्या, झोपेच्या आणि औषधांच्या वेळा लिहा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी तो त्यांच्यासमोर ठेवा.